नोंदवहीतील ‘भेट’ या शब्दाविषयी : ओजिब्वे चिलमीचे दांडे जपणाऱ्या संग्रहालयांना खुले पत्र

प्रति,
ओजिब्वे या उत्तर अमेरिकेतील आदिवासी लोकांच्या विधीच्या चिलमी आणि त्यांचे दांडे ज्यांच्या ताब्यात आहेत अशा युरोप व उत्तर अमेरिकेतील संग्रहालयांची विश्वस्त मंडळे यांस,

सविनय नमस्कार.

मागच्या सप्टेंबरात युरोपातील एका जुन्या संग्रहालयात एका काचेच्या कपाटासमोर मी जवळजवळ तासभर उभी होते. आत ओजिब्वे चिलमीचा एक दांडा होता. लांबीला सुमारे दोन हात, पट्टीसारखा चपटा, अ‍ॅशच्या लाकडाचा. ओठांकडच्या टोकापासून निम्म्यापर्यंत त्यावर साळिंदराच्या काट्यांची बारीक वेणी घट्ट गुंडाळलेली होती. तांबडे, पिवळे, काळपट तपकिरी आणि रंग न दिलेले पांढरे काटे असे एकाशेजारी एक बसवले होते की, अगदी जवळ गेल्याशिवाय ती हाताची वीण आहे हे लक्षात येऊ नये. एके ठिकाणी वेणी तुटली होती आणि तिच्या खालचा, जनावराच्या स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेपासून काढलेला धागा दिसत होता. मध्यावर मॅलार्ड बदकाच्या मानेचे कातडे चढवलेले होते. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटूनही त्याच्या पिसांचा हिरवा रंग दिव्याखाली चमकत होता. तोंडाकडचे लाकूड वापराने गुळगुळीत झाले होते. दुसऱ्या टोकाला काळ्या दगडाची, शिसे ओतून नक्षी केलेली चिलीम बसवलेली होती आणि ती निसटू नये म्हणून तिला बारीक तारेने दांड्याशी आवळले होते. खालच्या पाटीवर तीनच गोष्टी होत्या : शांततेची चिलीम, चिपेवा (हे ओजिब्वेंचेच इंग्रजीतले दुसरे नाव), भेट.

सेंद्रिय वस्तूंच्या जतनाचे काम मी गेली सतरा वर्षे मिनेसोटात करते. तुटलेल्या वेणीपेक्षा मला ती तार अधिक बोचली. चिलीम आणि तिचा दांडा एरवी वेगवेगळे गुंडाळून ठेवायचे असतात आणि विधीच्या वेळीच, जाणत्या माणसाच्या हातून, एकत्र जोडायचे असतात, हे या वस्तूंशी काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या काही दिवसांतच सांगितले जाते. जोडलेली चिलीम म्हणजे सुरू असलेला विधी. त्या कपाटात तो विधी कुणी चालवत नसताना, कुणी थांबवत नसताना, वर्षानुवर्षे अर्धवट चालू होता.

परत आल्यावर मी त्या संग्रहालयाला पत्र लिहिले. उत्तर सभ्य भाषेत आले. ही वस्तू वाटाघाटींच्या वेळी भेट म्हणून स्वखुशीने दिलेली असल्यामुळे तिच्या मालकीचा अथवा मांडणीचा प्रश्न उद्भवत नाही, असा त्याचा आशय होता. त्या संस्थेचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण हेच वाक्य थोड्याफार फरकाने मी इतरत्रही वाचले आहे आणि माझे म्हणणे एका संस्थेपुरते नाही. इंग्रजी प्रत आपल्याकडे स्वतंत्रपणे येईल. मराठीत लिहिण्याचे कारण पुढे ओघाने येईलच.

माझे म्हणणे एवढेच आहे की, सभेत दिलेला दांडा आपल्या नोंदवहीत ‘भेट’ या एका शब्दाखाली बसत नाही. तो एका कराराचा अर्धा भाग आहे, आणि त्या करारातील दुसऱ्या बाजूचे देणे अजून चालू आहे.

ओजिब्वे, म्हणजे जे स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात त्या लोकांचा मुलूख सुपीरियर सरोवराच्या दोन्ही अंगांना, आजच्या मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, ओंटारियो आणि मॅनिटोबात पसरलेला आहे. त्यांच्या भाषेत नामांचे सजीव आणि निर्जीव असे दोन वर्ग आहेत आणि क्रियापदही त्यांना धरून बदलते. चिलमीला ‘ओप्वागन’ म्हणतात, तंबाखूला ‘असेमा’, आणि हे दोन्ही शब्द सजीव वर्गात मोडतात. केवळ व्याकरणावरून श्रद्धा ठरवता येत नाही हे खरे. पण ज्या वस्तूविषयी बोलताना भाषाच सजीवाचे क्रियापद मागते, ती हातातून हातात गेली म्हणजे विकत घेतलेल्या ताटलीसारखी पलीकडच्याची झाली, असे त्या भाषेत वाढलेल्या माणसाला वाटले असेल हे मला पटत नाही. विधीचा याहून अधिक तपशील मी लिहिणार नाही. तो सांगण्याचा अधिकार ज्यांचा आहे त्यांच्याकडूनच तो ऐकावा.

दांडा राजकारणात काय काम करत असे, हे मात्र कागदोपत्री नोंदलेले आहे. १८०६ च्या फेब्रुवारीत अमेरिकी सैन्यातील अधिकारी झेब्युलन पाइक लीच लेक येथे ओजिब्वे प्रमुखांना भेटला, तेव्हा त्याच्याजवळ वाबाशा या डकोटा प्रमुखाची चिलीम होती. डकोटा आणि ओजिब्वे यांच्यात त्या वेळी पिढ्यांचे वैर होते. वाबाशा स्वतः शेकडो मैल दूर होता, परंतु त्याची चिलीम सभेत होती. ओजिब्वे प्रमुखांनी ती ओढली, म्हणजे त्यांनी वाबाशाचे म्हणणे ऐकून घेतले. वाबाशाने पाइकच्या हाती चिलीम सोपवली ती त्याच्या घराची भिंत सजावी म्हणून नव्हे. बोलणाऱ्याच्या जागी बसून त्याचा शब्द वाहणारी ती वस्तू होती, आणि अशी वस्तू ज्याच्याकडे येते त्याच्याकडे तो शब्दही येतो.

अमेरिकी सरकारला हे ठाऊक नव्हते असेही म्हणता येत नाही. जेफर्सन यांच्या कारकिर्दीपासून आदिवासी प्रमुखांना जी चांदीची पदके दिली जात, त्यांच्या मागच्या बाजूला हस्तांदोलन करणारे दोन हात आणि त्यांच्यावर एकमेकींना छेदणारी कुऱ्हाड व चिलीम कोरलेली असे. आपण ज्या गोष्टीला मान देतो ती कोणती, हे सरकारने स्वतःच धातूत कोरून ठेवले होते. पदक आणि चिलीम एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या. पदक छातीवर वागवायचे, म्हणजे दिलेला शब्द सर्वांना दिसेल असा वागवायचा. १८७३ मध्ये नॉर्थवेस्ट अँगल येथे कॅनडा सरकारशी तिसऱ्या क्रमांकाचा करार झाला, त्या वेळी मावेदोपेनेस या ओजिब्वे प्रमुखाने आधीच्या करारात रेड नदीकाठच्या प्रमुखांना दिलेले एक पदक हातात घेतले आणि त्यावर सुरी आपटून त्याचा आवाज सभेला ऐकवला. तो आवाज चांदीचा नव्हता. असले पदक छातीवर लावायची आपल्याला लाज वाटेल, असे त्याने लेफ्टनंट गव्हर्नर अलेक्झांडर मॉरिस यांना तोंडावर सांगितले. कराराच्या शेवटी मात्र त्याने हातमोजा काढून हात पुढे केला आणि तुमचा हात हातात घेताना तुम्ही दिलेली सर्व वचने मी घट्ट धरून ठेवतो आहे, अशा अर्थाचे शब्द उच्चारले. हे प्रसंग मॉरिस यांनीच प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात आहेत. एका बाजूने दिलेली वस्तू खरी आहे की खोटी, हे ज्या सभेत सुरी आपटून तपासले गेले, त्या सभांमधून आलेल्या वस्तूंना आपण ‘स्मरणचिन्ह’ म्हणावे का, याचा विचार व्हावा.

आता १८३७ कडे येते, कारण आपल्या कपाटांतील कितीतरी दांडे त्याच दशकांतले आहेत. त्या वर्षी जुलैत फोर्ट स्नेलिंगजवळ हजाराहून अधिक ओजिब्वे जमले होते आणि विस्कॉन्सिन प्रदेशाचे गव्हर्नर हेन्री डॉज यांना आजच्या मिनेसोटा व विस्कॉन्सिनमधील पाइनची जंगले हवी होती. माजिगाबॉ नावाच्या प्रमुखाने तेथे नकाशावर ओकची डहाळी ठेवली आणि जे झाड आम्हाला जगवते ते आम्ही राखून ठेवतो, ज्या ओढ्यांचे पाणी आम्ही पितो तेही राखून ठेवतो, असे सांगितले. सरकारी चिटणिसाने ते लिहून घेतले. त्याला त्याचा पुरता अर्थ लागला नाही, हेही त्याच कागदांवरून दिसते. इंग्रजी करारात शिकार, मासेमारी आणि जंगली तांदूळ गोळा करण्याचा हक्क अध्यक्षांच्या मर्जीपर्यंत राहील, असे कलम आले.

ती मर्जी १३ वर्षांत फिरली. १८५० मध्ये अध्यक्ष झॅकरी टेलर यांनी तो हक्क रद्द करणारा आणि ओजिब्वेंना पश्चिमेकडे हलवण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी कराराची वार्षिक देणी नेहमीच्या ला पॉइंटऐवजी दूरच्या सँडी लेक येथे मिळतील, असे सांगून हजारो लोकांना तेथे बोलावण्यात आले. पैसा आणि धान्य वेळेवर आले नाही, आले ते धान्य खराब होते, साथ पसरली आणि नदी गोठली. तेथे आणि परतीच्या वाटेवर मिळून सुमारे ४०० माणसे मेली. त्यानंतर १८५२ च्या वसंतात ला पॉइंटचा प्रमुख केचेवाइश्के, ज्याला इंग्रजीत चीफ बफेलो म्हणतात, नव्वदी ओलांडलेल्या वयात बर्चच्या सालीच्या होडीतून वॉशिंग्टनला निघाला. त्याच्यासोबत ओशोगे नावाचा वक्ता होता, बेंजामिन आर्मस्ट्राँग हा दुभाषा होता, आणि याच कामासाठी आणलेली एक नवी चिलीम होती. आदिवासींचे व्यवहार पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांना परत जायला सांगितले. एका लोकप्रतिनिधीच्या मध्यस्थीने अध्यक्ष मिलार्ड फिलमोर यांची भेट झाली. आधी चिलीम फिरली, अध्यक्षांनी झुरके घेतले, आणि मग ओशोगे बोलला. हलवण्याचा हुकूम मागे घेतला गेला. १८५४ मध्ये ला पॉइंट येथे झालेल्या करारात रेड क्लिफ, बॅड रिव्हर, फाँ द्यू लाक यांसारख्या राखीव जमिनी कायमच्या ठरल्या. ओजिब्वे लोक आज त्या सरोवराकाठी आहेत त्यात त्या चिलमीचा वाटा आहे. आपल्या पाटीवरच्या तीन गोष्टींत हे कुठे दिसते?

या प्रकरणाला आणखी एक टोक आहे आणि माझा मुख्य आधार तोच आहे. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिल लाक्स येथील ओजिब्वेंच्या दाव्यात पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने निकाल दिला की, १८३७ च्या करारातील शिकारीचे आणि मासेमारीचे हक्क अद्याप जिवंत आहेत. त्या निकालामागचे तत्त्व असे की, करार वाचताना सही करणाऱ्या आदिवासींनी त्याचा जो अर्थ त्या वेळी समजून घेतला असेल, तो धरायचा. कागद त्यांच्या भाषेत नव्हता, म्हणून केवळ कागदावर विसंबायचे नाही. मी आपल्याला एवढेच विचारते की, परक्या भाषेतला कागद जर अशा रीतीने वाचायचा असेल, तर त्या सभेतला जो एकमेव दस्तऐवज त्यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या रीतीने तयार केला होता, तो दांडा, आपण घेणाऱ्याच्या अर्थाने का वाचावा? एकेक काटा रंगवून, तोंडात मऊ करून, दातांनी चपटा करून, वेणीत घालणाऱ्या बाईने त्यात जे वेळेचे आणि लक्षाचे मोल घातले, ते दारावरून सहज दिलेल्या वस्तूत कुणी घालत नाही.

मराठीत हे लिहिण्याचे कारण आता सांगते. मी मूळची कोल्हापूरची. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले, तेव्हा आमचे चौथे शिवाजी महाराज बारा वर्षांचे होते. त्यांच्याकडून राजपुत्रांना गेलेली तलवार, जिला आमच्याकडे जगदंबा म्हणतात, आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे आणि तिची नोंद भेट अशीच आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या हातून, इंग्रजांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या दरबारातून, भावी सम्राटाला गेलेल्या वस्तूला ‘स्वखुशी’ हा शब्द किती लागू पडतो, हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. याच राजपुत्रांनी त्याआधी पंधरा वर्षे, १८६० मध्ये, कॅनडाच्या दौऱ्यात सार्निया येथे ओजिब्वे प्रमुखांकडून भेटी स्वीकारल्या होत्या. तलवार आणि दांडा यांत फार मोठा फरक आहे, तो मी पुसत नाही. परंतु एकाच हातात दोन खंडांतून गेलेल्या या वस्तूंना एकच शब्द चिकटवला गेला, हे लक्षात यावे.

आणि आमच्याकडे यासाठी वेगळे शब्द आहेत. मराठ्यांच्या राजकारणात शपथ घेताना बेलभंडार उचलत असत. देवापुढचे बेलाचे पान आणि भंडारा हाती घेऊन दिलेला शब्द मोडणे म्हणजे देवाशी बेइमानी. तो बेल कुणी ‘वनस्पती, वाळलेली, भेट’ असा नोंदवून ठेवला, तर नोंद खोटी ठरणार नाही, पण काय घडले ते तीतून कळणारही नाही. लग्नातल्या आहेराचेही तसेच आहे. घरोघरी आहेराची वही असते ती कुणी काय दिले हे मिरवण्यासाठी नसते. पुढे त्यांच्या घरच्या कार्यात आपल्याला काय करायचे आहे, ते विसरू नये म्हणून ती लिहिलेली असते. आपल्या नोंदवहीत आलेल्याचा रकाना आहे. देण्याचा रकाना कोराच राहिला आहे.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. त्यांपैकी पहिली सर्वांत सोपी आहे आणि तिच्यासाठी कायदा, ठराव किंवा पैसा लागत नाही. चिलीम आणि दांडा वेगळे करा, आणि ज्यांचा तो आहे त्यांच्याशी बोलणे होईपर्यंत दोन्ही प्रदर्शनातून काढून ठेवा. अमेरिकेत जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पवित्र वस्तू प्रदर्शित करण्यापूर्वी संबंधित जमातींची पूर्वसंमती घ्यावी लागते. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने पूर्वेकडील जंगलप्रदेश आणि मैदानी प्रदेश यांची दोन मोठी दालने बंद केली. आदिवासींच्या वस्तू परत करण्याविषयीचा १९९० चा मूळ कायदा केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या अमेरिकी संस्थांनाच लागू होतो, युरोपला होत नाही, हे मला ठाऊक आहे. १८२३ मध्ये बेल्त्रामी या इटालियन प्रवाशाने मिसिसिपीच्या उगमाकडून नेलेल्या ओजिब्वे व डकोटा वस्तू इटलीत बेर्गामोला आहेत, आणि तेथपर्यंत तो कायदा पोचत नाही. पण विचारायला कायद्याची सक्ती लागत नाही, पत्र लागते.

दुसरी गोष्ट विषाची. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या बऱ्याच भागात पिसे, कातडे आणि काटे यांना कसर लागू नये म्हणून संग्रहालयांतून आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगे सर्रास वापरली गेली. ती आजही वस्तूंवर आहेत. चिलमीच्या बाबतीत हे भयंकर आहे, कारण ही वस्तू ओठांना लावायची असते. वस्तूला इजा न करता क्ष-किरणांच्या साहाय्याने ही तपासणी होऊ शकते. ती आपण करावी, आणि निष्कर्ष कपाटात न ठेवता संबंधित लोकांना आधी कळवावेत. घरी परत आलेला दांडा कुणाच्या तोंडाजवळ जाण्यापूर्वी त्यांना हे माहीत असलेच पाहिजे.

परत करण्याविषयीही घाई नको, आणि परस्पर निर्णय तर मुळीच नको. १९९० च्या दशकात विनिपेग विद्यापीठाच्या संग्रहातील, मॅनिटोबातील पाउइंगासी या गावच्या ओजिब्वे विधीच्या वस्तू अमेरिकेतल्या दुसऱ्याच एका ओजिब्वे गटाकडे गेल्या आणि ज्या घराण्याच्या त्या होत्या त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. हेतू चांगला होता असे मानले तरी एक चूक दुरुस्त करताना दुसरी झाली. ओजिब्वे म्हणजे एक कार्यालय नव्हे. सरोवराच्या दोन्ही बाजूंना त्यांची अनेक स्वतंत्र शासने आहेत आणि कोणत्या सभेत कोणत्या गावचा प्रमुख उभा होता, हे शोधल्याशिवाय कुणाला पत्र लिहायचे ते कळत नाही. हा शोध आपल्याच दप्तरखान्यात सुरू होऊ शकतो, कारण दांडा ज्या अधिकाऱ्याने आणला त्याची रोजनिशी, त्याची पत्रे आणि त्याच्या बदल्यांच्या तारखा बहुधा आपल्याकडेच असतात.

तो शोध पुरा झाल्यावर काय व्हावे, हे मी सांगू शकत नाही आणि आपणही सांगू नये. कदाचित ते दांडा घरी मागतील. कदाचित तो आपल्याकडेच राहावा, पण वर्षातून एकदा कुणीतरी तंबाखू घेऊन त्याला भेटायला यावे, असे म्हणतील. विनिपेगच्या मॅनिटोबा म्युझियममध्ये करारांची पदके मांडताना ज्येष्ठांच्या सांगण्यावरून त्यांच्यासोबत चिलमी ठेवण्यात आल्या, कारण एकट्या पदकाने कराराची अर्धीच गोष्ट सांगितली असती. आपल्याकडे नेमके उलट आहे. आपल्याकडे चिलमीचा दांडा आहे आणि समोरच्या बाजूने दिलेल्या शब्दाचा मागमूस नाही. तो शब्द कोणता होता, कोणत्या सभेत, कोणत्या जमिनीबद्दल दिला आणि त्याचे पुढे काय झाले, एवढे तरी पाटीवर यावे.

तार काढण्याचे काम वस्तूंच्या जतनाचा अनुभव असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. तार उलगडू नये, बारीक कात्रीने दोन ठिकाणी कापून वरच्या वर उचलावी, कारण उलगडताना दांड्याच्या टोकाला पीळ पडतो आणि जुने अ‍ॅशचे लाकूड नेमके तेथेच तडकते. दांडा आडवा, सुती कापडात, त्याच्या स्वतःच्या पेटीत ठेवावा. चिलीम दुसऱ्या पेटीत ठेवावी.

कळावे,
आपली नम्र,
मिनेसोटात राहणारी, मूळची कोल्हापूरची एक वस्तुसंवर्धक